आतलं लेकरू

नवऱ्यानं दुसरं घर मांडलं आणि चिमी दोन बॅगा घेऊन थोरल्या बहिणीच्या, ताईच्या दारात येऊन उभी राहिली. "थोडे दिवस राहते," एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन जी पडली ती पडलीच. ना अंघोळ, ना केसांना फणी. कचेरीत रजा टाकली होती ती संपली, बिनपगारी सुरू झाली, तरी तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ताई सकाळी बाबांचं आवरून, शेजारच्या बाईंना त्यांच्यापाशी बसवून चष्म्याच्या दुकानात जायची. दिवसभर काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर चिमीच्या उशाशी ठेवलेलं ताट जसंच्या तसं.

दोघींचे बाबा पलीकडच्या खोलीत पलंगावर असत. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. लेकी कोण, आपण कोण, काही पत्ता नाही. पण कोणी समोर आलं की तोंडभर हसत आणि विचारत, "जेवलीस का गं?" बघणाऱ्याला वाटावं, काय गोड म्हातारा आहे.

दुकानात चष्मा दुरुस्तीला आलेल्या एका नर्सबाईंपाशी ताईनं घरचं गाऱ्हाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझी सून अशीच अंथरुणाला खिळली होती. एका पुस्तकानं उभी केली तिला." मनाच्या जखमा कशा भरायच्या याचं ते पुस्तक होतं. ताईचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण डॉक्टरकडे यायला चिमी तयार नव्हती आणि ताईचे सगळे उपाय थकले होते. तिनं ते विकत आणलं आणि ताटाशेजारी ठेवून दिलं.

खोटं कशाला बोलायचं, पुस्तकानं काम केलं. पहिल्याच धड्यात लिहिलं होतं, आज फक्त तोंड धुवा, बाकी काही करू नका. चिमीनं तोंड धुतलं. मग केस विंचरले. मग एके दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि "चहा मी करते," म्हणाली. ताईनं पाठ फिरवून डोळे पुसले. पुढची पुस्तकं चिमीनं स्वतःच आणली. घरभर चिठ्ठ्या चिकटल्या. साखरेच्या डब्यावर 'मी पुरेशी आहे' असं वाचून ताईनं त्या आठवड्यात साखर आणलीच नाही, आणि डबा उघडल्यावर दोघी किती तरी वेळ हसत बसल्या. चिमी पुन्हा कामावर जाऊ लागली. ताईला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

एका पुस्तकात आईवडिलांना माफ करायचा धडा होता. चिमी बाबांच्या पलंगावर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही प्यायचात, आमच्याशी कधी मायेनं बोलला नाहीत. मी तुम्हाला माफ केलं." बाबा हसले. "जेवलीस का गं?" म्हणाले. त्या दिवसापासून चिमी त्यांना रोज स्वतःच्या हातानं मऊ भात भरवू लागली. ताईला ते बघवायचं नाही. पण पोरगी उभी राहतेय, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं, असं म्हणून ती स्वयंपाकघरात भांडी घासत राहायची.

रविवारी दुपारी ताई बाबांची ओली चादर बदलून मोरीकडे निघाली होती.

"ताई, बस जरा. मला बोलायचंय." चिमीचा आवाज एकदम सपाट होता, आरशासमोर उभं राहून सराव केल्यासारखा.

"हे भिजवते आणि येते."

"नाही, आत्ता." चिमीनं श्वास घेतला. "लहानपणी तू मला जिन्याखालच्या खोलीत कोंडायचीस."

ताई चादर हातात धरून तशीच उभी राहिली.

"पुस्तकात सांगितलंय, डोळे मिटून आतल्या लेकराला शोधा. मी शोधलं. ते त्या खोलीत आहे. अंधार, कोळशाचा वास, आणि बाहेरून कडी. मी दार बडवायचे. दाराखालच्या फटीतून मला तुझे पाय दिसायचे. तू तिथंच असायचीस, पण उघडायची नाहीस."

"तू लहान होतीस गं..."

"म्हणूनच. मी आजही दिवा लावून झोपते. नवऱ्यानं इतकं झिडकारलं तरी त्याला चिकटून राहिले. का? कोणीतरी दार लावून घेईल म्हणून. सगळं तिथून सुरू झालंय. मला आत्ता तुला माफ करणं जमणार नाही. थोडं अंतर ठेवावं लागेल."

"चिमे, मी तुला वाचवत होते."

चिमी हसली. रागानं नव्हे, समजूतदारपणानं, आणि तेच ताईला जास्त लागलं. "मला माहीत होतं तू असंच म्हणशील. तेही लिहिलंय त्यात. जखम देणारा आधी हेच म्हणतो, तुझ्या भल्यासाठी केलं."

ताईनं चादर जमिनीवर फेकली. डावी बाही वर सारली आणि कोपरात वाकलेला, कधीच सरळ न होणारा हात बहिणीच्या तोंडासमोर धरला.

"हा कसा मोडला?"

"जिन्यावरून पडलीस तू."

"कोणी सांगितलं?"

"तूच."

"मग ऐक आता. आई गेल्यावर, बाहेर बाबांची पावलं अडखळताना ऐकू आली की मी तुला आत ढकलायची. धाकटी कुठाय, विचारलं की सांगायची, शेजारी खेळायला गेलीय. तू दार बडवायला लागलीस की मी भांडी आपटायची, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग ते माझ्यावर हात टाकायचे, भांडी आपटते म्हणून. एकदा त्यांनी ऐकलंच. दाराकडे निघाले. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पाय दिसायचे ना तुला माझे? बरोबर दिसायचे. हा हात तिथं मोडला."

पलीकडून बाबांचा आवाज आला, "कोण आलंय गं?" ताई "कोणी नाही," म्हणाली. सवयीनंच.

चिमी खाली बसली. तिच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली. ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस? घरात बाप होता तुला. तेवढा तरी असू दे, म्हटलं."

"मग मी आता कोणावर चिडू, ताई? त्यांना तर मी माफ करून बसले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही. आणि तुझ्यावर चिडायचं तेही काढून घेतलंस."

बोलून टाकल्यानं छाती मोकळी होते म्हणतात. ताईची झाली नाही. समोर बसलेल्या पोरीचा चेहरा पुन्हा अंथरुणाला खिळलेल्या दिवसांसारखा झाला होता, आणि या वेळी तो तसा ताईनं केला होता.

चिमीनं बाबांच्या खोलीत पाऊल टाकणं बंद केलं. त्यांचं हसणं ऐकू आलं तरी ती कानांवर हात ठेवायची. महिना संपायच्या आत तिनं कचेरीजवळ भाड्यानं खोली घेतली. पुस्तकं इथंच टाकून गेली. कामावर जात होती, दोन घास खात होती, एवढंच ताईला फोनवर कळायचं. बाबांचा विषय दोघी काढत नसत. इकडे बाबा भात भरवणारा हात शोधायचे. "ती कुठं गेली?" म्हणून लहान मुलासारखे रडायचे. ताई त्यांचं अंग पुसायची, कूस बदलायची, जखमा होऊ नयेत म्हणून पाठीला पावडर लावायची. मनात माया नव्हती, रागही उरला नव्हता. हात आपलं काम करत होते.

दुकानात जेवणाच्या सुट्टीत तिनं चिमीचं ते पहिलं पुस्तक वाचायला घेतलं. कोंडलेल्यासाठी त्यात बरंच काही होतं. कोंडणाऱ्याबद्दलही होतं. आपल्यासारखीनं, दाराबाहेर उभं राहून मार खाणारीनं काय करायचं, हे शोधत ती शेवटच्या पानापर्यंत गेली, ते कुठंच सापडलं नाही आणि जेवण तसंच राहिलं.

थंडी सरता सरता बाबा गेले. सकाळी ताई चहा पाजायला गेली तर अंग गार. चिमी आली. परक्यासारखी मागं उभी राहिली, लोक पांगेपर्यंत थांबली. मग न सांगता तिनं बाह्या वर केल्या आणि दोघी बहिणी ती खोली आवरायला लागल्या. औषधांच्या बाटल्या, रबरी चादरी, मळके सदरे. चिमी गादीची खोळ काढता काढता मध्येच थांबली.

"तुला कोण लपवायचं?"

"अं?"

"तू मला लपवायचीस. तुला कोण?"

आजवर हे ताईला कोणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"आणि आई होती तेव्हा?"

"आई होती तोवर आईला मारायचे."

एरवी अशा वेळी चिमीच्या ओठांवर पुस्तकातलं एखादं वाक्य तयार असायचं. आज तिनं खोळ बाजूला टाकली. गादी लघवीनं कुजून जड झाली होती, एकटीला उचलण्यासारखी नव्हती. दोघींनी दोन टोकं धरली आणि अडखळत, भिंतीला घासत ती जिन्यावरून खाली नेली. कचऱ्याच्या ढिगाशी टेकवून दोघी धापा टाकत उभ्या राहिल्या.

"मी आज राहू का?" चिमीनं विचारलं.

"राहा," ताई म्हणाली. "पण आज मला आणखी काही विचारू नकोस."