फुगडीची तबकडी

कोल्हापुरातल्या रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला गाणं पसंत होतं. अंजनाचं लुगडं पसंत नव्हतं.

"अठ्ठ्याहत्तर साल चालू आहे, बाई," तो म्हणाला. "गाण्याला इलेक्ट्रिक ऑर्गन, ठेका एकदम डिस्को, आणि कव्हरवर हे फुग्याच्या बाह्यांचं पोलकं? बेलबॉटम घाला. नाव 'मिस अंजू' लावू."

"गाणं माझ्या आयेच्या वक्ताचं हाय," अंजना म्हणाली. "ती आसलंच पोलकं घालून नाचायची. फोटू ह्याच कापडात निघंल आन नाव अंजनाच ऱ्हाईल. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

तिच्या शेजारी बसलेल्या गुणमालानं ऑर्गनचं बटण बंद केलं आणि त्यावर कापड टाकायला घेतलं. मालक हबकला. "अहो, थांबा, थांबा," म्हणाला.

गाणं तयार झालं होतं सांगलीत, गुणमालाच्या भावाच्या हळदीच्या वखारीत. अंजना कोरेगावची, पण शिक्षिकेचा कोर्स करायला सांगलीला आलेली. तिथं गुणमालाशी मैत्री जमली. गुणमालाच्या भावानं, रामगोंडानं, हौसेनं एक ऑर्गन आणला होता. बटण दाबलं की तो आपोआप ताल धरायचा. एकदा गुणमालानं सगळ्यात जलद ताल लावला आणि अंजनाच्या तोंडून नागपंचमीची फुगडी निघाली, आई म्हणायची ती.

*फिरकी घे गं, फिरकी घे,*
*पदर खोच नि फिरकी घे...*

दोघी पोत्यांच्या मधल्या जागेत इतक्या नाचल्या, की हळद उडून केसांत बसली.

तबकडी उन्हाळ्यात बाजारात आली, कव्हरवर पोलक्यातला फोटो आणि अंजनाचंच नाव. कराडच्या हॉटेलांत वाजली, फलटणच्या लग्नांत वाजली. कोरेगावात मात्र अंजनाच्या चुलत्यानं, लालासाहेबानं, ती घरात येऊ दिली नाही. अंजनाचे वडील एकाहत्तरच्या लढाईत गेले, तेव्हापासून घरात लालासाहेबाचा शब्द चालायचा. त्यानं निरोप धाडला, "पंचमीला गावात येऊ नगंस. घरच्या बायकांची गाणी तू बाजारात मांडलीस."

अंजना पंचमीलाच आली. तेच पोलकं, तेच इरकली लुगडं, बरोबर गुणमाला आणि पिशवीत तबकडी.

देवळामागच्या चिंचेला झोके बांधले होते. पोरी-बाया जमल्या होत्या. लाऊडस्पीकरवाला धुळा सिनेमाची गाणी लावत होता. अंजनानं तबकडी त्याच्या हातात दिली. धुळानं कट्ट्यावर बसलेल्या लालासाहेबाकडं बघितलं.

"लाव की," लालासाहेब मोठ्यानं म्हणाला. "पर जी बाई ह्या गाण्यावर पाय हालवंल, तिच्या दादल्याशी मी बोलीन."

बायका जागच्या जागी थिजल्या. सुई तबकडीवर टेकली, ऑर्गनचा ताल घुमला आणि अंजनाचा आवाज चिंचेच्या वर गेला. अंजनानं पदर खोचला. मधोमध उभी राहून तिनं दोन्ही हात पुढं केले. पण फुगडी एकटीला घालता येत नाही. हात तसेच राहिले.

गुणमाला पुढं सरली. अंजनानं मान हलवली. "तू न्हाई गं. तू माझीच हायस. मला हितली कुणीतरी पायजे."

गाणं संपलं. कुणी आलं नाही. अंजनानं हात खाली घेतले नाहीत.

"धुळादादा, परत लाव."

"बास झाली शोभा!" लालासाहेब ओरडला.

"परत लाव म्हनते ना!"

धुळानं परत लावली. तेव्हा झोक्यापलीकडच्या भिंतीपासून एक बाई निघाली. बनुबाई, अंजनाची आई. नवरा गेल्यापासून ती पंचमीला लांबूनच बघायची. कुणी तिला बोलवायचं नाही, आणि तीही यायची नाही. आता ती चालता चालता पदर खोचत होती.

लालासाहेब उठून उभा राहिला. "वैनी! विधवा बाईनं फुगडी घालायची? दादाच्या मागं ह्ये बघायचं ऱ्हायलं हुतं व्हय आमचं?"

बनुबाई थांबली. सात वर्षांत ती दिराला कधी उलट बोलली नव्हती.

"लडाईत त्ये पडले, भावजी," ती म्हणाली. "मी न्हाई पडले."

तिनं लेकीचे हात धरले. पहिल्या दोन फेऱ्यांना तिचे पाय अडखळले. ताल फार जलद होता. "आये, हळू घिऊ का?" अंजनानं विचारलं.

"गप. मी तुज्यापेक्षा जलद घ्यायची."

आणि तिनं घेतली. पायांखालची माती उडाली, अंबाडा सुटला, केस तोंडावर आले. बघणाऱ्यांना माय-लेकी वेगळ्या ओळखू येईनात. धोंडुबाई सुतारीण सुनेला घेऊन रिंगणात उतरली. आणखी चार-पाच जणी आल्या. काहींच्या नवऱ्यांनी त्यांना दंडाला धरून घरी नेलं. बऱ्याच जणी नुसत्याच उभ्या राहिल्या, पण घरी गेल्या नाहीत.

त्या पंचमीची किंमत बनुबाईला मोजावी लागली. लालासाहेबानं बोलणं टाकलं, घरात चूल वेगळी झाली, शेजारपाजारच्या घरांतून तिला "आत या" म्हणणारं कुणी उरलं नाही. अंजना आणि गुणमाला दुसऱ्या तबकडीच्या तयारीला लागल्या होत्या. अंजना आईला न्यायला आली.

"आये, सांगलीला चल. हितं कशाला जीव जाळतीस?"

बनुबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "घर माझ्या नवऱ्याचं हाय. हितंच ऱ्हानार, भावजींच्या डोळ्याम्होरं. तू तेवढी नवी तबकडी झाली की घिऊन ये. आन गुणमालाला सांग, ताल आजून जलद ठेव म्हनावं."