चाळिसावे पाकीट

झ्लात्काबाईंनी एकोणचाळिसावे पाकीट खिडकीच्या काचेला लावले, मान तिरकी करून आतले वाचले, नाक मुरडून ते परत ठेवले आणि चाळिसावे उचलून तेही उजेडात धरले. या वेळी चेहरा खुलला. कॉफीचा कप घेऊन दारात उभा असलेला डॉक्टर ल्युबेन हे सगळे बघत होता.

"हे काय चाललंय?"

"मिंचोकाका आलेत ना. त्यांना नवीनच भरायला हवं."

बावीस वर्षे या बाई त्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. दात भरायची दोन सिमेंटे, एक जुने, एक नवे; कोणते जास्त टिकते, याचा अभ्यास चालू होता. कोणाला कोणते, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. कोणाची आवडनिवड मध्ये यायला नको, म्हणून. राजधानी सोफियातल्या प्राध्यापकांनी या आडगावच्या दवाखान्यावर भरवसा टाकला होता. दोन वर्षांचे निष्कर्ष पुढच्या महिन्यात ल्युबेन स्वतः तिथे वाचणार होता. सूटही शिवून आला होता.

त्याने रजिस्टर उघडले. भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या आणणारे सगळे नव्यात. घरची दारू आणणारे नव्यात. वजनात मारणारी वाणीण जुन्यात. झ्लात्काबाईंची जाऊ राद्का जुन्यात, दोन्ही दाढा.

"सगळी अशीच?"

"सगळी कशी? पहिली चार तुम्हीच फोडलीत. मग म्हटलं, चांगल्या माणसांचे दात चिठ्ठीवर कशाला सोडायचे?"

"आणि मी प्राध्यापकांना काय सांगू?"

"सांगा, गावात कोण कसं आहे ते."

त्याचे बोट एका नावावर थांबले. नेवेना. जुने.

"माझी बायको?"

झ्लात्काबाई ट्रेमधली हत्यारे सरळ लावू लागल्या. ती सरळच होती.

"बावीस वर्षांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, डॉक्टर. 'अहो सिस्टर', बस."

ल्युबेनने पान उलटले. आज सकाळीच नेवेनाने त्याच भरलेल्या दाढेने अक्रोड फोडला होता. राद्काच्याही दाढा शाबूत होत्या. नव्या सिमेंटवाले अकरा जण मात्र पडलेले तुकडे रुमालात बांधून परत आले होते.

त्याने रजिस्टरच्या प्रत्येक पानावर तिरकी रेघ ओढली. मग एकोणचाळिसावे पाकीट फोडून, त्यातल्या चिठ्ठीप्रमाणे जुने सिमेंट मिंचोकाकांना भरले आणि त्यांना घरी पाठवले.

"तुम्ही ईस्टरपासून उजव्याच बाजूनं चावताय," तो हात धुता धुता झ्लात्काबाईंना म्हणाला.

"निघालं हो. स्वतःला कोण कमी करतं? नवीनच घेतलं होतं." झ्लात्काबाईंनी गाल धरला. "जुनं भराल ना?"

ल्युबेनने चाळिसावे पाकीट त्यांच्या हातात दिले.

"यात नवीन आहे, डॉक्टर."

"मला काय माहीत? बंद आहे."

"पण तुमचा अभ्यास तर बुडाला ना आता?"

"बसा, सिस्टर," तो म्हणाला आणि खुर्चीवरचा दिवा लावला.

झ्लात्काबाई बसल्या. तोंड मात्र उघडेनात.