चादरी कुठे द्यायच्या

अनुदानाचा अर्ज मी लिहिला होता, म्हणून नकाराचं पत्रही माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, माझ्याच हातात दिलं.

"वाच. मोठ्याने."

मी वाचलं. आमचं धुलाई केंद्र शिस्तीत चालतं, स्वच्छता वाखाणण्यासारखी आहे, संस्था स्वतःच्या पायावर उभी आहे. सबब यंदाचं अनुदान अधिक गरजू संस्थांना देण्यात येत आहे.

"स्वतःच्या पायावर!" ताई म्हणाली. "माझे गुडघे बघून गेला का तो पाहणीवाला?"

घरात कुणी अंथरुणाला खिळलंय आणि मशीन घ्यायची ऐपत नाही, अशांच्या चादरी आम्ही फुकट धुतो. सकाळी भरलेली द्यायची, संध्याकाळी कोरडी न्यायची. अठ्ठेचाळीस घरं आहेत. मशीन, वीज, साबण सगळं नगरपालिकेच्या अनुदानावर. ते नाही तर सोमवारपासून कुलूप.

पाहणीला साहेब येणार म्हटल्यावर आम्ही काय केलं, तर फरशी घासली, खिडक्या पुसल्या आणि लोकांना सांगितलं, आजच्या दिवस चादरी आणू नका. साहेबांना दिसल्या त्या फक्त पांढऱ्याशुभ्र घड्या. वासाचा मागमूस नव्हता. आणि माझ्या अर्जात 'सेवाभाव' चार वेळा होता, विष्ठा एकदाही नाही. तो शब्द सरकारी कागदावर बरा दिसणार नाही, असं मला वाटलं होतं.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नगरपालिकेत पहिल्या मजल्यावर, बारा नंबरच्या खोलीत गेलो. साहेब तरुण होते, नम्र होते. उठून ताईला खुर्ची दिली.

"आजी, तुमचं केंद्र आदर्श आहे. मी सगळीकडे उदाहरण देतो."

"द्या की. सोमवारनंतर कुलपाचंही द्या."

"यादी मंजूर झालीय. माझ्या हातात काही नाही."

"पाहणीचा कागद कुणाच्या हातचा होता मग?"

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. मग माझ्याकडे वळले. "अर्ज तुम्ही लिहिलात? काय भाषा आहे! इतका सुंदर अर्ज या खोलीत आजवर आला नव्हता."

आणि मला बरं वाटलं. सत्तरी उलटलेला मी, तिथे मान खाली घालून चक्क हसलो. वर "आभारी आहे" म्हणालो.

रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाली, "बाळ, त्याने तुला चॉकलेट दिलं आणि तू खाल्लंस."

घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलं. आधी स्वतःवर, मग त्या नम्र माणसावर. आमच्या घासलेल्या फरशीवरून बूट न काढता फिरला, आणि चादरी कुणाच्या, एवढंही विचारलं नाही त्याने. मी तरी कुठे आपणहून सांगितलं?

"बंदची पाटी लिही," ताई म्हणाली. "आणि साधी लिही. सेवाभाव नको."

मी ठळक अक्षरांत लिहिली: 'अनुदान बंद झाल्यामुळे सोमवारपासून इथे चादरी घेतल्या जाणार नाहीत. मलमूत्राने भरलेल्या चादरी नगरपालिका कार्यालय, पहिला मजला, खोली क्रमांक बारा इथे द्याव्यात.'

ताईने दोनदा वाचलं. "हे तू लिहिलंस?"

"काढू का?"

"हात लावशील तर बघ." तिने स्वतः केंद्राच्या दारावर पाटी चिकटवली, चारही कोपऱ्यांवर मूठ आपटून.

पहिली आली ती पलीकडच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई. नवरा तीन वर्षं पडून. काखेत गाठोडं होतं. तिने पाटी वाचली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं,

"काका, ते किती वाजता उघडतात?"

"दहाला."

"मग सोमवारी दहाला जाते," ती म्हणाली. "शेजारणीचीही घेऊन जाऊ का?"

"न्या," मी म्हणालो. "सगळ्यांच्या न्या."