सुटं टोक

या परीक्षांच्या हंगामातून दशरथ धुरीला तीन गोष्टी मिळायच्या होत्या: चाकांची खुर्ची, गळ्यात स्वतःच्या नावाचं ओळखपत्र, आणि फॉल्स सिलिंगमध्ये वायरी ओढत पोटावर सरपटण्यापासून कायमची सुटका. वय बावन्न, गुडघे मात्र सत्तरीचे वाटत. त्या मानाने मागणी फार नव्हती.

"दशरथ, आज काही लफडं नाही ना?" केंद्राचे मॅनेजर देवदत्त सकाळी साडेआठला विचारत होते. "शेवटची बॅच आहे. ही नीट गेली की तुझं लेटर तयार. नेटवर्क इनचार्ज! मग कंत्राटदाराला रामराम ठोक."

"झकास होणार साहेब. माशी शिंकायची नाही."

अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीच्या दुसऱ्या मजल्यावर ऑनलाइन परीक्षांचं हे केंद्र होतं. शहाण्णव संगणक, प्रत्येकाची वेगळी वायर, आणि सगळ्या वायरी काचेच्या खोलीतल्या रॅकवरच्या स्विच नावाच्या पेट्यांत येऊन मिळणाऱ्या. या मांडणीला स्टार म्हणतात. यात एकाची वायर तुटली तर एकटाच बसतो, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. मुंबईच्या स्वभावाला शोभेल अशीच ही मांडणी.

दशरथ हे काम शिकला तेव्हा ऑफिसातली सगळी मशिनं एकाच काळ्या केबलीला ओळीने लटकलेली असायची. तिला बस म्हणायचे. तिच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर नावाची टोपी लागे. एक टोपी निघाली की अख्खं ऑफिस आडवं. काही ठिकाणी मशिनं गोलात जोडलेली, ती रिंग. तिथे तर टोक नावाची वस्तूच नसे. त्याचे उस्ताद सीताराम सांगायचे, "सुटं टोक दिसलं की आधी जोड, मग विचार कर." अठ्ठावीस वर्षांत बस गेली, रिंग गेली, सीतारामही गेले. दशरथच्या हाताला मात्र हे कोणी कळवलं नाही.

नऊला पाच कमी असताना तो रॅकवरून शेवटची नजर फिरवत होता. एक आखूड वायर लोंबत होती. एक टोक स्विचमध्ये, दुसरं हवेत. कालच टेस्टिंगला त्यानेच लावलेली. ती काढायची राहिली होती. त्याच स्विचवर शेजारचं पोर्ट, वायर बसायची खाच, रिकामं होतं. हाताने टोक उचललं, टक्कन बसवलं. दशरथ चहा प्यायला गेला.

चहा अर्धाही संपला नव्हता, तोच हॉलमध्ये आरडाओरड सुरू झाली. शहाण्णव पडदे जागच्या जागी थिजले होते. पावणेदहाला वरच्या ऑफिसातून बॅच रद्द झाल्याचा फोन आला. पालघरहून पहाटे निघालेली मुलगी जिन्यात बसून रडत होती आणि सुपरवायझर तिला "नवी तारीख मिळेल" एवढंच पुन्हापुन्हा सांगत होता.

दोष शोधून काढला तो नंतर पोचलेल्या, परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर श्वेताने, आल्यावर दहा मिनिटांत. रॅकसमोर उभी राहिली, सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकताना पाहिले, आणि ती आखूड वायर उपटली. दिवे शांत झाले.

"लूप," ती म्हणाली. "एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचात. निरोप आतल्या आत फिरत राहतो, एकाचे लाख होतात. त्यात हे स्वस्तातले स्विच, यांना कळतही नाही. कोणी लावलं हे?"

दशरथ शेजारच्या वायरी सारख्या करू लागला.

देवदत्तांना 'काय झालं' यापेक्षा 'कोणाचं नाव लिहू' याची घाई होती. "सकाळी झाडू कोणी मारला इथे?"

नलिनीला बोलावलं. ती वाकोल्याला दशरथच्याच चाळीत राहायची. वर्षापूर्वी त्यानेच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं. ती पदराला हात पुसत आली.

"तू वायरींना हात लावलास?"

"लोंबत होती ती वर केलंय, साहेब, झाडूत अडकत होती म्हणून. पण खय घालूक नाय. आयशपथ." तिने दशरथकडे पाहिलं. "दादानु, तुमी सांगा मां ह्येंका."

कॅमेरे होते, चांगले सोळा. सगळे परीक्षार्थींकडे तोंड करून. रॅककडे बघायला कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

श्वेताने वायरीचं टोक बोटांत फिरवलं. "काका, याची क्लिप पूर्ण बसली होती. मला दाबून काढावी लागली." ती दशरथकडेच पाहत होती. "झाडताना बसते अशी? तुम्ही इतकी वर्षं काम करताय, तुम्ही सांगा."

खरं सांगायला एवढं सोपं दार कोणी कोणाला उघडून देत नाही. दशरथने खाली पाहिलं.

"बसते कधी कधी," तो म्हणाला.

श्वेताने वायर गुंडाळून टेबलावर ठेवली. मग तिने लॅपटॉप उघडला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं: सफाई कर्मचाऱ्याच्या हस्तक्षेपामुळे. तिला दुपारी मुलुंडच्या केंद्रावर पोचायचं होतं.

नलिनीला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तिने झाडू कोपऱ्यात उभा केला, डबा घेतला, निघाली. महिनाअखेरीला दशरथला लेटर मिळालं. रॅकच्या खोलीत आता सफाईवाल्यांना मज्जाव आहे, तेव्हा इनचार्ज सकाळी दार लावून स्वतःच केर काढतात.

एका रविवारी चाळीच्या नळावर नलिनी भेटली. अंगाने उतरली होती. चेंबूरला चार घरची धुणीभांडी धरलीत म्हणाली, लिफ्ट नाही, पण बायका बऱ्या आहेत. कळशी भरली तसा तिने नळ बंद केला.

"दादानु, रागावला नाय मां? तुमी माझ्यासाठी शब्द टाकलात, नि माझ्यामुळा तुमचा नाव खराब झाला. मी लय विचार केलंय. माझोच हात लागलो असात कसो तरी. तुमी कित्याक खोटा बोलशात?"

"असू दे," दशरथ म्हणाला.

तिला जरा हलकं वाटलेलं दिसलं. कळशी कमरेवर घेऊन ती जिना चढून गेली.

एकूण हिशेब असा: परीक्षार्थींना नवी तारीख मिळाली, देवदत्तांना लिहायला नाव मिळालं, श्वेताला मुलुंड वेळेत गाठता आलं, दशरथला खुर्ची मिळाली. नोकरी नलिनीची गेली. आणि माफीही तिनेच मागितली.