तंगड्या देऊन आणलेले पंख

दुपारी घर अगदी निपचित होतं आणि माजघरात अडकित्ता वाजला. कट्. धाकटा मांडीवर दचकला, ओठ हलवून पुन्हा निजला. मी ओळखलं, सासूबाई जाग्या आहेत आणि त्यांचं काहीतरी ठरलंय. सुपारी खायची असली की त्यांचा अडकित्ता कटकट करत राहतो. काही ठरलं असलं की एकदाच वाजतो.

"रविवारी जावई येऊन राहिले," त्या म्हणाल्या. "अन् त्यायले पंख पायजेत."

जावई म्हणजे माझ्या नणंदेचे, शामलाचे ओमप्रकाश. काटोलचे संत्र्यांचे व्यापारी. माल घेऊन कलकत्त्याला जातात. तिथे कुठल्याशा हॉटेलात त्यांनी निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे पंख खाल्ले, नुसते पंख, बाकीची कोंबडी ताटात आलीच नाही. तेव्हापासून झोपेतसुद्धा तेच बोलतात म्हणे. शामलाने हे लाजत लाजत आईला सांगितलं होतं.

आता जावयाला खूश करायचं कारण. शामला दिवाळीला आली होती. लग्नामुळे तिचा शिवणक्लास अर्धवट राहिला होता आणि परीक्षा होती संक्रांतीच्या सुमारास. तोवर तिला माहेरी राहायचं होतं. पण काटोलला तिचे सासरे महादेवराव, म्हणजे घरातला शेवटचा शब्द. शिवणक्लाससाठी सून माहेरी ठेवायची हे त्यांच्या गळी उतरणारं नव्हतं. जावई पोटभर जेवून प्रसन्न झाले, तर तेच वडिलांना काहीतरी सांगतील, एवढीच आशा. शामला दिवसभर वर्तमानपत्राचे ब्लाऊज कापत बसायची आणि माझी पाच वर्षांची अरू ते अंगावर चढवून कुरकुर आवाज करत घरभर फिरायची. ते पाहिलं की वाटायचं, हिच्यासाठी पंख काय, कोंबडीचे दात मागितले तरी आणीन.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन नत्थूजी खाटकाच्या दुकानात गेले. अरू बोट धरून. नत्थूजींना म्हटलं, मला पंख हवेत, पुष्कळ, कातडीसकट. ते सुरा पुसायचे थांबले.

"बाई, कोंबडीले दोनच पंख राहते," ते अगदी सावकाश म्हणाले, एखाद्या आजाऱ्याला समजवावं तसं. "अन् ते कोंबडीसंगंच जाते."

मी दोन कोंबड्या घेतल्या. पंख झाले चार. एवढ्यात जावयाचं एक बोटसुद्धा चाटून झालं नसतं. मागे रांग होती. मी धीर करून सगळ्यांना विचारलं की तुमच्या कोंबडीचे पंख मला द्याल का, तुम्हाला तसेही नकोच असतात. आणि काय सांगू, जन्मभर ज्यांनी पंख मांजरीपुढे टाकले त्या सगळ्यांना त्या क्षणी पंख प्राणाहून प्यारे झाले. एका बाईला आठवलं की तिचा मुलगा पंखाशिवाय जेवतच नाही. आमच्या मागच्या गल्लीतले गणपतराव, रेल्वेतून रिटायर झालेले, ते तर पिशवी छातीशी धरून म्हणाले, "काहून? माह्या कोंबडीचे पंख दुसऱ्याच्या घरी काहून जातीन?"

मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. म्हटलं, पंख द्या, बदल्यात तंगडी घ्या.

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं, मग अरूकडे, की या लेकराचं पुढे कसं होणार. पण रांगेचं मन क्षणात बदललं. ज्या मुलाला पंखाशिवाय घास जात नव्हता त्याला तंगडीही चालणार होती. गणपतराव तर पुढे घुसले. माझ्या चारही तंगड्या गेल्या, मग छातीचे तुकडेही गेले, आणि मी पंखांनी भरलेली पिशवी घेऊन एखादी लढाई जिंकल्यासारखी घरी आले.

आमच्याकडे कोंबडी स्वयंपाकघरात येत नाही. मागच्या अंगणात वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि सासूबाई दाराच्या उंबऱ्यावर नाकाला पदर लावून. त्या खात नाहीत, शिवत नाहीत, पण सूचना करतात. पंखांच्या कातडीत बारीक पिसांची मुळं तशीच होती, हाताने निघेनात. शामलाने लग्नात मिळालेल्या पेटीतून भुवया कोरायचा चिमटा आणला. आम्ही दोघी पाटावर बसून एकेक पंख असा कोरला की नवरीच्या भुवयाही इतक्या नीट कोरत नसतील. मग जाळावर धरून उरलेली लव जाळली. अरूने विचारलं की कोंबडीला दुखतं का, शामला म्हणाली की नाही, तिला आता बरं दिसायचंय.

दही, आलं-लसूण, तिखट, आणि सासूबाईंनी नाक झाकूनच सांगितलेला भाजून वाटलेला मसाला, त्यात दगडफूल जरा जास्त. सगळं चोळून ठेवलं. पण भाजायचं कशावर? पापडाच्या जाळीवर दोन पंख मावले आणि तिसरा निखाऱ्यात पडला. तेव्हा नागपुरात आमच्या मनीषनगरात घरं कमी आणि प्लॉट जास्त होते, कुठे ना कुठे बांधकाम चालूच. आमचे हे समोरच्या बांधकामावरून रेती चाळायची भलीमोठी जाळी उचलून घेऊन आले. ती घासून घासून माझे हात दुखले. तरी पहिल्या घासाला थोडी रेती लागलीच, पण ती आम्ही चाखून पाहिलेल्या पंखांत संपली असं मी धरून चालले.

वास असा सुटला की समोरचा गवंडी थापी हातात धरून भिंतीवरून पाहत बसला.

आणि मग दारात रिक्षा थांबली आणि जावयाच्या मागून महादेवराव उतरले. त्यांचं संत्रा मार्केटमध्ये काम होतं, म्हणून सोबत आले. सासूबाईंच्या नाकावरचा पदर गळून पडला.

पुरुष मागच्या ओसरीवर, अंगणातल्या चुलीसमोरच जेवायला बसले. मी ताटं वाढली. कडेला भाकरी, कांदा, लिंबू, आणि मधोमध लालभडक भाजलेल्या पंखांची रास. महादेवरावांनी ताटाकडे पाहिलं. मग ताट थोडं फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इवाई, म्हणजे व्याही, घरी आला की त्याच्या ताटात तंगडी पडायलाच हवी. तो मान आहे. मानाच्या माणसाला कोणी पंख वाढत नाही, पंख म्हणजे सगळे जेवून उठल्यावर बायकांना उरतात ते. आणि आमच्या घरात त्या दिवशी एकही तंगडी नव्हती.

"नागपूरच्या कोंबड्या पायाविनाच फिरते वाटते," महादेवराव भिंतीला म्हणाले.

जावयांनी मान खाली घातली. पंख आपल्याला हवे होते हे ते वडिलांपुढे कसं सांगणार? महादेवरावांच्या समजुतीप्रमाणे त्यांचा मुलगा कलकत्त्याला धर्मशाळेत उतरतो आणि खिचडी खातो. शामला दाराआड उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता, पण ती पाणी द्यायला बाहेर येईना.

"आजोबा, पाय होते," अरू मदतीला धावली. "आईनं सगळ्यायले वाटून देल्ले."

आमचे हे हात न धुताच सायकलवर बसले आणि निघाले. तेवढा वेळ महादेवराव एका कांद्याच्या फोडीवर काढत राहिले. मी जाळीवर पंख उलटत होते आणि देवाला सांगत होते की त्या गणपतरावांना आज भूक उशिरा लागू दे.

सायकल आली तेव्हा मागच्या कॅरिअरवर खुद्द गणपतराव होते. मांडीवर झाकलेलं पातेलं. तंगडी त्यांनी परत दिली, पण एका अटीवर. तंगडी सोडून माणूस कशामागे वेडा होतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. ते महादेवरावांना रामराम करून सरळ पंगतीतच बसले.

गणपतरावांच्या बायकोच्या हातची ती तंगडी बटाट्याच्या पाणीदार रश्श्यात शिजली होती. ती महादेवरावांच्या ताटात गेली. मान राहिला. आणि मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. मानाचा माणूस तंगडी खात होता आणि बाकी सगळे पंख खात होते. हाडं चोखल्याचे आवाज येत होते. गणपतरावांनी डोळे मिटले होते. जावयांनी कोपरापर्यंत हात लाल केला होता. महादेवराव तंगडी एकदा या बाजूने चावत, एकदा त्या बाजूने, आणि त्यांची नजर जाळीवरून हलत नव्हती. पण तंगडी मिळालेल्या माणसाने पंख मागायचा कसा?

शेवटी सासूबाईंनाच दया आली. उंबऱ्यावरून त्या म्हणाल्या, "इवाईबुवा, तुमच्या सुनेच्या हातचं आहे. एक चाखून पाहा."

महादेवरावांनी एक चाखला. मग त्यांनी तंगडी ताटाच्या कडेला सरकवली, आणि मानाचं त्यानंतर कोणी नाव काढलं नाही. जाळी रिकामी झाली तेव्हा त्यांनी मिशा पुसल्या, ढेकर दिली आणि प्रेमाने दाराकडे पाहिलं.

"सून लाखाची आहे," ते म्हणाले. "उद्या संगंच घेऊन जातो. हे घरी झालं पायजे."

शामलाने तांब्या खाली ठेवला. तिने माझ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्राचे सगळे ब्लाऊज माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

मी चुलीजवळूनच, डोक्यावरचा पदर पुढे ओढून बोलले. "मामाजी, शामलानं फक्त हात लावला. केलं मी. तिले अजून येत नाही."

"मंग शिकव."

"शिकवते नं. पण संक्रांत येईन." एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. पिसं काढायलाच पंधरा दिवस लागतात, मी सांगितलं. मग मसाला. मग निखारे ओळखणं, ते तर काही जणींना जन्मात जमत नाही. गणपतरावांनी तोंडातला पंख न काढता मान हलवून साक्ष दिली, त्यांच्या बायकोला तीस वर्षांत जमलं नव्हतं.

महादेवरावांनी रिकाम्या जाळीकडे पाहिलं. "राहू दे मंग संक्रांतीपर्यंत," ते म्हणाले. "पण पक्कं शिकवजो, अर्धवट नाही."

शामला दाराआडून चुलीजवळ आली आणि तिने माझा दंड इतका घट्ट धरला की पाच बोटांचे ठसे उमटले. जावई ताटातच हसले. आणि अरू, गालाला लाल मसाला, हातात चोखून पांढरं झालेलं हाड, सगळ्यांच्या मधोमध येऊन माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"आई, तुले तं एकाच दुपारी आलं. मंग आत्याले संक्रांतीपर्यंत काहून लागते?"