मागं कोण राहणार

"आठला निघायचं म्हणलं की ह्या घरात आठला भाकरी थापायला बसतेत," स्वप्ना पत्र्यापलीकडं हरिओम भाऊजींच्या कानात पुटपुटली. पत्रा म्हणजे काही भिंत नव्हे, पलीकडचं ऐकू यावं म्हणूनच तो ठोकलेला असतो. अलीकडं मी भाकरीच थापत होते आणि आठ वाजून गेले होते, त्यामुळं मला धड रागही आणता येईना.

स्वप्ना माझी धाकटी जाऊ. ती आणि भाऊजी वडवणीला राहतात. भाऊजींची जीप आहे, ती एरवी वडवणी-बीड अशी सिटा भरून पळते. त्या दिवशी मात्र जीप आमच्यासाठी होती. माझी लेक मोहिनी अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. पहिल्या वर्षाच्या पोरींनी पांढरे कपडे घालून, हातात दिवा धरून शपथ घ्यायची असते, त्याचा कार्यक्रम होता आणि घरच्यांना बोलावलं होतं. आमच्या धर्मापुरीजवळच्या वस्तीवरून अंबाजोगाई काही परदेश नव्हे. पण आमच्याकडं कुठंही निघायचं म्हटलं की आधी त्याला देवी जोडतात, मग देवीला नारळ जोडतात, मग नारळाला जेवणाचा डबा. योगेश्वरीचं दर्शन कार्यक्रमाच्या आधी घ्यायचं की नंतर, यावर आदल्या दिवशी चांगलंच वाजलं होतं. पेढे परळीचे घ्यायचे की अंबाजोगाईचे, यावरही झालं. एवढं सगळं बोलून झालं, पण मागं कोण राहणार हे काही कुणी बोललं नाही.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. मेंढराला दसरा कळत नाही, लग्नाची तिथ कळत नाही, त्याला सकाळी चरायला जायचं तेवढं कळतं. म्हणून घर कुठं निघालं की एक माणूस मागं राहतं, आणि मी लग्न होऊन आल्यापासून ते माणूस मी असते. असं कधी कुणी ठरवलेलं नाही. ठरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. भाऊजींच्या लग्नाचं वऱ्हाड निघालं तेव्हा अंजना दुसऱ्या गाडीनं येईल असं सगळे म्हणाले, आणि दुसरी गाडी केलेलीच नव्हती. मोहिनीला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा तिचे वडील गेले आणि पाहुण्यांच्या भाषणात झोपून आले. आमच्या घरच्या कुठल्याच फोटोत मी नाही. स्वप्नाच्या माहेरच्या एक बाई एकदा कौतुकानं म्हणाल्या, फोटो चांगले येतात हो तुमच्याकडं, थोरली सून काढती का?

तसं बघितलं तर मेंढरं माझ्या सासऱ्यांची. धुळाजी त्यांचं नाव, आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो, बाकीचे आबा. लांब माळावर ठिपके दिसले की मामा सांगायचे, पुढचं आपलं आहे, मागचं शेजारच्या भारतच्या वस्तीवरचं आहे, आणि ते पायात काटा भरून लंगडतंय. हे आधीचं. मग त्यांची नजर जायला लागली. आमच्या ह्यांनी, म्हणजे मोहिनीच्या वडिलांनी, त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं की काचबिंदू आहे, गेली ती नजर गेली, उरलीसुरली थेंब टाकून टिकवायची. ह्यांनी आत जाऊन मामांना सांगितलं, थेंब टाका, उतार पडेल. तेव्हापासून मामा थेंब टाकतात आणि उताराची वाट बघतात, आणि आम्ही सगळे त्यांच्याबरोबर वाट बघितल्यासारखं करतो.

गेल्या साली मामांनी मेंढरं सरळ अर्जुनरावांच्या उभ्या तुरीत घातली. अर्जुनराव मोठे जमीनदार, राजकारणातले. तणतणत आले. मामांकडं बघितलं आणि मग आमच्या कुत्र्याला बोलले. आम्हालाही ते पटलं. सगळे मिळून कुत्र्याला इतकं घालून पाडून बोललो की ते बिचारं बाजेखालून बाहेर येईना.

त्यानंतर मामा मेंढरं घेऊन पुढं निघाले की मी सरपणाला म्हणून मागं निघते. मेंढरं वळवते मी, हाळी देतात मामा. आमच्या सरपणाचा ढीग आता छपराला टेकलाय. गॅसची टाकी संपता संपत नाही. पण एवढं सरपण कशाला लागतं, असं मला आजवर ना नवऱ्यानं विचारलं, ना सासूनं, ना मामांनी.

तर मोहिनीचा फोन आला की आई, तू नुसती समोर येऊन बसायचं, दुसरं मला काही नको. मी ह्यांना सांगितलं. हे बघू म्हणाले. आठवड्यानं पुन्हा सांगितलं, पुन्हा बघू. माझा नवरा बघू म्हणतो तेव्हा तो बघत नसतो. शेवटी मी चिडून बोलले तेव्हा ह्यांनी भारतला गाठलं, एक दिवस आमची मेंढरं तुझ्यात घे म्हणून. भारत भला माणूस, आदल्या दिवशी विचारायला म्हणून घरी आला. मामांनी त्याला विचारलं की मेंढरं न्यायला आलास, मालक मेला का काय? भारत चहा प्यायला आणि गेला. ह्या सगळ्या वेळात माझे मालक हौदामागं पाण्याची मोटार बघत होते. मोटारीला काही झालं नव्हतं.

आणि म्हणून सकाळी मी नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून भाकरी थापत होते, आणि आपण जाणार की राहणार हे मलाच माहीत नव्हतं.

भाकरी झाल्या. सासूबाई, केशरबाई त्यांचं नाव, सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मग त्यांना गोळ्यांची पुडी आठवली. ती आणून दिली तर चष्मा. चष्मा दिला तर म्हणाल्या, पाण्याची बाटली कुणीच घेतली नसणार, मला ठावं हाय. ह्यांना पांढरी टोपी सापडेना, ती भाऊजींच्या डोक्यावर होती. भाऊजी म्हणाले ही माझीच आहे. स्वप्ना जीपमध्ये बसून ओठांना रंग लावत होती आणि जीप कुणी हलवू नका म्हणत होती. मी डबा ठेवला, नारळ ठेवला, मोहिनीसाठी केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या ठेवल्या आणि सगळ्यात शेवटी मागच्या बाकड्यावर जाऊन बसले. कुणी काही म्हणालं नाही. मला वाटलं, असंच चोरून गेलं तर चालून जाईल.

तेवढ्यात मामा खांद्यावर घोंगडं टाकून, काठी घेऊन बाहेर आले. त्यांनी मेंढरं कोंडलेली जाळी सोडली आणि आमच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "जा तुमी समदे. मी हाय की."

"हाव, आबा हायती की," हे म्हणाले.

"मामा हायती," स्वप्ना म्हणाली.

आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मामांनी मेंढरं हाकली. माळ डाव्या हाताला आहे, मामा उजवीकडं वळले. मेंढरं त्यांच्यामागं रस्त्यावर आली आणि जीपला चारी बाजूंनी वेढून उभी राहिली. भाऊजींनी हॉर्न वाजवला, त्यानं ती आणखीच दाटली. एक कोकरू चाकापुढं जाऊन बसलं. मामा मधोमध उभे राहून हाळी देत होते, आणि त्यांना वाटत होतं की ते माळावर पोचलेत. भाऊजी म्हणाले, हॉर्ननं बिचकली. हे म्हणाले, नवी गाडी बघून आली असतील. गाडी ह्या वस्तीवर मी आल्यापासून येतेय. सासूबाईंनी नेहमीप्रमाणं कुत्र्याला शिव्या घातल्या, आणि कुत्रं तर तिथं नव्हतंही.

हे खाली उतरून माझ्या खिडकीशी आले. माझ्याकडं न बघता, चाकाकडं बघत हळूच म्हणाले की पुढच्या बारीला तूच जा, निकाल लागेल तेव्हा, मी स्वतः सोडतो. पुढची बारी हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा सण. तो अजून कुणी साजरा केलेला बघितला नाही.

मी उतरले. रागानं नव्हे, सवयीनं. पदर खोचला, नव्या चपला काढून जीपमध्येच ठेवल्या आणि मेंढरं वळवायला लागले. तेवढ्यात मोहिनीचा फोन आला, तो स्वप्नानं उचलला. आई बसली का गाडीत, असं ती विचारत असणार, कारण स्वप्नानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बसली, बसली." फोन ठेवल्यावर ती रडकुंडीला आली. म्हणाली, अक्का, मला खोटं बोलायला लावता तुमी समदे.

तिचं बोलणं मामांनी ऐकलं. त्यांची नजर गेली तरी कान जागेवर आहेत. त्यांनी काठी टेकली.

"अंजने, तू कावून उतरलीस?"

"तिला गाडी लागती, आबा," हे म्हणाले.

"घरी पाहुणे यायचेत," सासूबाई त्याच दमात म्हणाल्या.

"जागा न्हाई गाडीत," भाऊजी म्हणाले. मागं अख्खं बाकडं रिकामं होतं.

मामा तिघांच्या आवाजाकडं एकेकदा तोंड वळवून ऐकत राहिले. मग माझ्याकडं वळले, म्हणजे मी होते त्याच्या जरा पलीकडं. तिथं एक मेंढी उभी होती. मामा तिच्याकडं बघत होते, मी उत्तर देईन म्हणून. घरातल्यांवरचा माझा इतक्या वर्षांचा संताप त्या वेळी कुठं गेला कोण जाणे. मला नुसतं वाटलं की हा माणूस असा मेंढीशी बोलत उभा राहू नये, आणि मोहिनीनं दिवा हातात घेऊन समोरच्या खुर्च्यांत मला शोधू नये.

मी स्वप्नाचा फोन घेतला आणि सगळ्यांपुढं भारतला लावला. म्हटलं, या, मेंढरं घेऊन जा, आम्ही समदे निघालोत. तो म्हणाला, आबांना विचारलं का? म्हटलं, विचारते. तो त्याच्या वस्तीवरून निघालाच.

मग मी मामांच्या हाताला धरलं आणि त्यांना म्हटलं की गाडीत चला, मोहिनीला तुम्हीही पाहिजे आहात, पटका बांधायला पाच मिनिटं देते.

"आन् मेंढरं?"

"भारत नेतोय."

मामांनी हात सोडवून घेतला. "कुणाला इचारून? मी असताना भारत कावून नेतोय माझी मेंढरं?"

हे पुन्हा चाकाकडं बघायला लागले. भाऊजींनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि मला कळलं की उत्तर त्यांना अगदी पहिल्या दिवसापासून ठाऊक असलं तरी नवऱ्याला ते सांगणं त्यांना माझ्याहून जड आहे. मी पुन्हा मामांचा हात धरला. ह्या वेळी त्यांनी तो काढून घेतला नाही.

"तुमाला दिसत न्हाई, मामा," मी म्हणाले. "आन् आता दिसणार बी न्हाई. समद्यास्नी ठावं हाय. तुमाला बी."