रिकामं पारडं

"दहापैकी किती?" आकडेबाईंनी विचारलं.

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांनी उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला, डोळे किंचित मिटले आणि आतून काहीतरी ऐकू येतंय का, असा चेहरा केला.

"सात," ते म्हणाले.

"मागच्या वेळीही सातच."

"काय करणार. ऐकतच नाही तो."

आकडेबाईंनी कागदावर सात लिहिला. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण बाहेरच्या खोलीत बसून दर मंगळवारी एकच प्रश्न विचारणाऱ्या बाईंना निरीक्षकांनी मनातल्या मनात हे नाव देऊन टाकलं होतं. त्या मान वर न करता लिहीत होत्या, हे बरंच होतं. पाचच मिनिटांपूर्वी निरीक्षक दोन जिने कठड्याला हात न लावता चढून आले होते. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी मागेपुढे पाहिलं होतं आणि मगच लंगडायला सुरुवात केली होती.

आतल्या खोलीत थेरपिस्ट वाट पाहत होती. पस्तिशीची असेल. तिने पलंगावरची चादर सरळ केली, ते आडवे झाल्यावर गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल सरकवला, घड्याळात बारा मिनिटं लावली आणि उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

सांधेदुखीवरच्या नव्या पद्धतीची चाचणी होती ही. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं होतं की एका गटाला नवी पद्धत मिळेल, दुसऱ्याला नाही, आणि कोण कुठल्या गटात ते शेवटपर्यंत कळणार नाही. एकूण सोळा आठवडे. पण सलग दोन आठवडे कुणाचा आकडा तीनच्या खाली राहिला, तर त्याचे उपचार तिथेच थांबणार. हा शेवटचा नियम निरीक्षकांनी सही करताना वाचला होता, पण त्यात आपल्याला भिण्यासारखं काही असेल असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात एक माळीबुवा बाहेरच्या खोलीत हसत उभे होते. आकडेबाई त्यांना म्हणाल्या, "अभिनंदन. आता यायची गरज नाही." माळीबुवा खुशीत जिना उतरून गेले. निरीक्षकांची मात्र पाचावर धारण बसली. कारण त्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना त्यांना गुडघ्याची आठवणही झाली नव्हती.

तेव्हापासून सात.

हात गुडघ्यावर होता. थेरपिस्ट फार बोलत नसे, तसा तिला नियमच असावा. कधी म्हणे, "आज ऊन आहे बाहेर." कधी म्हणे, "जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय." निरीक्षक डोळे मिटून पडून राहत. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासली होती, आणि जित्याची खोड काही जात नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या मनाने त्या हाताचं वजन करून टाकलं होतं. साडेतीनशे ग्रॅम, थोडं इकडेतिकडे. बाराव्या मिनिटालाही तेवढंच.

पत्नी जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत त्यांना हात लावणारा माणूस म्हणजे न्हावी, आणि तोही डोकं धरून हवं तिकडे फिरवायचा. दुकानदार सुटे पैसे काउंटरवर ठेवत. शेजारी लांबून मान हलवत. या गोष्टीची कुणी तक्रार करतं का? कुठे करायची? निरीक्षकांना स्वतःलाही ती तक्रार आहे हे ठाऊक नव्हतं. पहिल्या मंगळवारी तो हात गुडघ्यावर पडला आणि त्यांना भिंतीकडे तोंड वळवावं लागलं, तेव्हा कळलं. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं होतं.

घड्याळ वाजलं. थेरपिस्टने हात उचलला.

"एक सांगू का काका?" ती म्हणाली. "आमचे सर तुमच्यावर खूश आहेत."

"माझ्यावर? गुडघा तर जैसे थे."

"तेच तर. बाकीच्यांचे आकडे आज चार, उद्या आठ, परवा आलेच नाहीत. तुमचे एकदम स्थिर. सर म्हणाले, असा पेशंट मिळायला भाग्य लागतं. नऊ आठवडे काटा हललेला नाही."

निरीक्षक चप्पल घालत होते. त्यांचा पाय चपलेत अर्धाच राहिला.

"आणि या आकड्यांचं पुढे काय करणार?"

"त्यावरच ठरेल ना, ही पद्धत सगळ्या केंद्रांत शिकवायची की नाही."

घरी येताना ते लंगडायला विसरले, आणि तसं कोपऱ्यावर लक्षात आल्यावरही पुन्हा लंगडावंसं त्यांना वाटलं नाही. न हलणारा काटा. खात्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी हेच शिकवलं होतं, की काटा थोडा थरथरला तर भिऊ नका, खरा काटा थरथरतोच. जो मुळीच हलत नाही तो अडकलेला असतो.

घरी टेबलाच्या खणात एक छोटी वही होती. दर मंगळवारी परत आल्यावर ते त्या वहीत दोन रकान्यांत आकडे लिहीत. पहिला रकाना 'सांगितलेला', दुसरा 'खरा'. सांगितलेल्यात वरपासून खालपर्यंत सात होते. खऱ्यात सात, सात, तीन, तीन, दोन, दोन, एक, एक. आज त्यांनी पहिल्या रकान्यात सात लिहिला आणि दुसऱ्यात एक. ही वही त्यांनी कुणासाठी ठेवली होती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खोटं बोलायचं तर बोलावं, पण खरं वजन कुठेतरी नोंदलेलं असावं, एवढं मात्र त्यांना पक्कं वाटत होतं.

त्यांना एक जुना किराणा दुकानदार आठवला. पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेला. काटा जप्त करताना तो रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "साहेब, पाच ग्रॅमनं कुणाचं घर बुडतंय?" आणि निरीक्षकांनी पावती फाडत उत्तर दिलं होतं, "पाच ग्रॅमचं सोडा. काटा खोटा आहे." केवढ्या ताठ मानेने म्हणाले होते ते. त्या दुकानदाराच्या घरी काय परिस्थिती होती, हे त्यांनी विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, विचारायला हवं होतं.

रविवारी सकाळी दहाला मुलीचा फोन आला. ती परगावी असते. दर रविवारी दहाला, न चुकता.

"बाबा, गुडघा काय म्हणतोय?"

"आहे आपला."

"सातच का?"

"सातच."

"शेक घेताय ना? जिना सारखा चढू नका. आणि ती गोळी जेवल्यावर घ्यायची, आधी नाही."

"हो गं."

"बरं, बाकी?"

"बाकी ठीक."

पाच-सहा मिनिटांचं बोलणं, आणि त्यातली पाच मिनिटं गुडघ्याची. निरीक्षकांनी फोन ठेवला आणि ते बराच वेळ गुडघ्याकडे पाहत बसले. घरातला कमावता माणूस असल्यासारखा तो त्यांच्यासमोर होता. मंगळवारही त्याच्या जिवावर आणि रविवारही.

दहाव्या मंगळवारी ते आकडेबाईंच्या टेबलाशी थांबले नाहीत. सरळ आत गेले आणि पलंगावर आडवं होण्याऐवजी खुर्चीवर बसले. थेरपिस्टने टॉवेल गुंडाळून तयार ठेवला होता.

"आज इथे काका?"

त्यांनी वही उघडून तिच्या हातात दिली.

तिने वाचलं. पहिला रकाना, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मग स्टूल ओढून ती बसली.

"म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासूनच?"

"हो."

"आणि तुम्ही दर वेळी सात सांगत होतात."

"हो."

"का पण काका?" तिचा आवाज चढला, आणि दाराकडे बघून तिने तो खाली आणला. "दहा आठवडे. तुम्हाला कल्पना आहे का, एकेक पेशंट मिळवायला किती फिरावं लागतं?"

निरीक्षकांनी उत्तर तयार करून आणलं होतं. माझ्या हातून गंभीर चूक झाली आहे, अशी त्याची सुरुवात होती. ते त्यांना आठवेना.

"मंगळवारी मला कुठेतरी जायचं असतं," ते म्हणाले. "बाकीचे दिवस नसतं."

वहीचं पान थेरपिस्टच्या बोटांमध्ये होतं, ते तिने उगाच सरळ केलं.

"वहीतले खरे आहेत," निरीक्षक म्हणाले. "हे वापरता येतील."

"नाही येत. इथे, आमच्यासमोर सांगितलेलाच आकडा धरतात. तुमचे सगळे काढून टाकावे लागतील. आणि तुम्हालाही."

"बरोबर आहे. शिक्का नसलेलं वजन चालत नाही."

"आता तुम्ही बाहेरच पडलात, तर तुमच्या गटाचं सांगायला हरकत..."

"साडेतीनशे ग्रॅम," निरीक्षक म्हणाले.

"काय?"

"तुमचा हात. पहिल्या दिवशीही तेवढाच आणि बाराव्या मिनिटालाही तेवढाच. तुम्ही दाबत नव्हता. नुसता ठेवत होता."

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काटा तपासताना आधी रिकामं पारडं बघतात. त्यावर काही नसताना तो शून्यावर उभा राहतो की नाही ते. ते चुकलं की पुढचं सगळं चुकलं." ते थांबले. "आमचा गट म्हणजे ते रिकामं पारडं, हे मला कळत होतं. तरी मी त्याच्यात बोट घातलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजू शकलो असतो. मी करायला नको होतं."

बाहेर कुणीतरी आकडेबाईंना "पाच" असं सांगत होतं.

"मला चार वर्षं शिकवलं, कुठे दाबायचं, किती दाबायचं," थेरपिस्ट हळूच म्हणाली. "आणि गेले काही महिने मी दिवसभर माणसांवर नुसता हात ठेवून बसते. घरी जाऊन हात धुताना वाटतं, आज आपण काहीच केलं नाही." तिने वहीतल्या दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं, सातावरून एकापर्यंत खाली आणलं. "आणि हे बघा."

"सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा," निरीक्षक म्हणाले.

ती हसली, पण फार नाही. मग तिने वही मिटून परत दिली. बारा मिनिटांचं घड्याळ टेबलावर तसंच होतं. निरीक्षकांची नजर एकदा त्याच्याकडे गेली आणि तिच्याही लक्षात आलं.

"आता तसं करता येणार नाही काका. नियम..."

"छे छे. मी कुठे काय म्हणालो."

ती उठली आणि त्यांना उठायला मदत म्हणून तिने हात पुढे केला. त्यांना आधाराची गरज नव्हती, हे आता दोघांनाही माहीत होतं. त्यांनी हात धरला आणि उठायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्तच वेळ घेतला.

बाहेर आकडेबाई म्हणाल्या, "काका, तुमचा आकडा राहिला."

"मॅडमना दिला," ते म्हणाले आणि सरळ चालत गेले. पहिल्यांदाच आकडेबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार गेले. शनिवारी निरीक्षक खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतःचा हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून पाहिला. घड्याळ लावून, पूर्ण बारा मिनिटं. स्वतःच्या हाताचं वजन काही केल्या कळेना. त्यांनी वही काढली आणि 'खरा' या रकान्यात शून्य लिहिला. पहिला रकाना त्यांनी मोकळाच सोडला. गुडघा ठणठणीत बरा झाला होता आणि त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता.

रविवारी दहाला फोन वाजला.

"बाबा, गुडघा काय म्हणतोय?"

"काही म्हणत नाही. बरा झाला."

"काय सांगता! एकदम?"

"हळूहळू झाला. मीच सांगितलं नव्हतं."

"अरे वा. छान झालं. मग आता..." ती अडखळली. शेक नको, गोळी नको, जिनाही मोकळा. पलीकडे भांड्याचा आवाज आला, नळ सुरू झाला आणि बंद झाला. तिच्याजवळ विचारण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि त्यात तिचा दोष नव्हता. गेलं वर्षभर त्यांनीच गुडघा पुढे करून ठेवला होता.

"बरं, बाकी?" ती म्हणाली, फोन ठेवण्याआधी म्हणतात तसं.

बाकी ठीक, हे त्यांच्या ओठांवर आलं. समोर वही उघडी होती. त्यांनी चष्मा काढून तिच्यावर ठेवला.

"बाकी सात," ते म्हणाले.

"सात काय?"

"दहापैकी."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"थांबा बाबा," ती म्हणाली. "गॅस बंद करून येते."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला, मग पावलांचा, मग खुर्ची ओढल्याचा. निरीक्षक फोन कानाला लावून थांबले.